एका हाताने उघडणारा ट्रायपॉड

दुकानात शिरताच सुलेखाने गळ्यातली ओढणी काढली, डावा हात पोटाशी धरला आणि ओढणीचे दोन वेढे देऊन तो घट्ट बांधून टाकला. गाठ उजव्या हाताने आणि दातांनी मारली. तीन आठवड्यांत तिने सिंगापूरच्या सिटी हॉलच्या आसपासची कॅमेऱ्यांची सात दुकानं पालथी घातली होती आणि या दुकानात तिची ही तिसरी खेप होती.

पहिल्या खेपेला दुकानाचे म्हातारे मालक मिस्टर लिम घाबरून गेले होते. बाईंना काहीतरी झालंय असं वाटून त्यांनी स्टूल पुढे केलं होतं.

"तुमचा हात तर चांगला दिसतोय, मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले होते.

"माझा चांगलाच आहे. ज्यांच्यासाठी घ्यायचाय त्यांचा नाही."

मिस्टर लिम काउंटरवरची जागा मोकळी करून एकेक ट्रायपॉड तिच्यापुढे ठेवत गेले.

सुलेखा पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काम करत होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. पर्समधल्या वहीत तिने रकाने आखले होते: वजन, मिटल्यावरची लांबी, खटके किती, आणि एका हाताने उभा करायला लागलेले सेकंद. वजन दीड किलोच्या वर गेलं की ती पुढचे रकाने भरतच नसे. तिच्या नवऱ्याने, निशिकांतने, खांद्यावर त्याहून जास्त काही घ्यायचं नाही, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं.

अडचण अशी होती की हलक्या ट्रायपॉडचे पाय बारीक असतात आणि ते लहान घडीत बसावेत म्हणून त्यांचे चार-चार, पाच-पाच तुकडे केलेले असतात. म्हणजे सांधेही तेवढेच. बहुतेकांचे सांधे पिळून उघडायचे. पिळायला गेलं की आतली नळीही हाताबरोबर फिरते. ती धरायला दुसरा हात लागतो. दुसरा हात नसेल तर माणूस नळी काखेत धरतो, गुडघ्यात धरतो, दातांत धरायचंच काय ते बाकी राहतं. वहीत अशा आठ ट्रायपॉडांपुढे सेकंदांऐवजी फुली होती.

"हा बघा," या खेपेला मिस्टर लिम म्हणाले. "कार्बन फायबरचा. एक किलो चारशे ग्रॅम. तीनच तुकडे, आणि पिळायचे नाहीत, खटक्याचे आहेत. पण मिटल्यावर लांब राहतो. प्रवासाला लोक छोटा मागतात, म्हणून कोणी नेत नाही."

सुलेखाने तो मिटलेला ट्रायपॉड डोक्याकडून उचलला. मिटलेल्या पायावर दोन्ही खटके एकाखाली एक, अगदी खेटून आले होते. तिने तळवा त्यांच्यावर ठेवला आणि दाबला. दोन्ही एकदम सुटले आणि पाय आपल्याच वजनाने सरसरत जमिनीपर्यंत खाली आला. दुसरा पाय. तिसरा. मग बुटाने एकेक पाय बाहेर ढकलला, खटके बंद केले आणि हात काढून घेतला.

ट्रायपॉड उभा राहिला.

"बावन्न सेकंद," मिस्टर लिम म्हणाले. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, हे तिला माहीतच नव्हतं.

तिने आणखी सहा वेळा केलं. शेवटची वेळ एकेचाळीस सेकंदांची होती. गाठ सोडताना तिच्या लक्षात आलं की आपले गाल ओले झालेत. मिस्टर लिम पावती लिहिण्यात फार गुंतून गेल्यासारखे दिसत होते.

*

निशिकांत एका बँकेत हिशेब तपासनीस होता, वय त्रेपन्न. सिंगापूरला आल्यापासून वीस वर्षं दर रविवारी पहाटे तो कॅमेरा घेऊन पाखरांमागे जाई. चार किलोचा जुना ट्रायपॉड खांद्यावर टाकून, डास मारत, चिखलाकडे तोंड करून चार-चार तास उभा राही. जून महिन्यात एका सकाळी दाढी करता करता तो न्हाणीघरात कोसळला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी. डावा हात गेला, डावा पाय अर्धा गेला. पाय हळूहळू परत येत होता. पोटरीला पट्टा बांधून, भिंतीच्या आधाराने तो घरात चालायला लागला. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा.

पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं इस्पितळात सांगितलं होतं. त्यांत जे येईल ते येईल. चार महिने सरले होते, आणि ऑगस्टपासून निशिकांतने व्यायाम सोडला होता. बुकित बातोकच्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो खुर्चीत बसून राहायचा. टीव्ही बघायचा नाही, पेपर उलगडायचा नाही. जेवताना पानात अर्धं टाकायचा. फोटो काढणाऱ्या मित्रांचे फोन आले की मान हलवून नको म्हणायचा. एकदा अनुयाला, त्यांच्या मुलीला, त्याने सगळी भिंगं विकून टाकायला सांगितलं.

"बाबा, कशाला विकायची? यू विल नीड देम लाह," अनुया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"घरात एक कपाट वाढलंय समज," तो म्हणाला. "कपाटाला भिंगं कशाला?"

त्या रात्री सुलेखाला झोप लागली नाही. त्याचं मरण तिने न्हाणीघराच्या फरशीवर एकदा पाहिलं होतं आणि ते टळलं होतं. आता ते पुन्हा यायला लागलं होतं, या वेळी हळूहळू, खुर्चीत बसल्या बसल्या, आणि त्याला बोलावणारा तो स्वतः होता. दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला.

"अहो, रविवारी सुंगेई बुलोच्या पाणथळीवर जाऊया का? टॅक्सीने. स्थलांतरी पाखरं यायला लागली असतील."

"तू ट्रायपॉड उघडणार, तू कॅमेरा बसवणार, आणि मी बटण दाबणार. मुंजीतल्या बटूच्या हाताला हात लावून आहुती टाकून घेतात, तसं. त्यापेक्षा नको."

"आणि तुमचा तुम्हाला उघडता आला तर? एका हाताने? खांद्यावरून नेता आला तर?"

"असा ट्रायपॉड नसतो, सुलेखा."

"असला तर?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "असला तर येईन," तो म्हणाला. त्याला संभाषण संपवायचं होतं, हे तिला कळत होतं. पण शब्द तर दिला होता. त्या एका शब्दाला ती तीन आठवडे लोंबकळत होती.

ट्रायपॉड घरी आणल्यावर तिने त्याच्यासमोर चार वेळा उघडून दाखवला. तो बघत राहिला. त्याचा चेहरा इतका पडला की तिला वाटलं, त्याला पुन्हा काही होतंय की काय.

"आता तुम्ही करून बघा."

"इथे नको. तिथेच बघू."

"एकदा तरी हात बसवा. मला बसवायला सात वेळा करावं लागलं."

"तिथेच बघू म्हटलं ना."

स्वयंपाकघरात अनुया हळूच म्हणाली, "आई, बाबा 'बघू' म्हणाले. दॅट मीन्स नो. डोन्ट पुश हिम लाह."

"ढकललं नाही तर काय करू, अनुया? दुसरं काय उरलंय ते तू सांग."



*

रविवारी सकाळी पावणेआठला टॅक्सीने त्यांना सुंगेई बुलोच्या फाटकाशी सोडलं. कॅमेरा सुलेखाच्या पाठीवर होता. ट्रायपॉड निशिकांतच्या उजव्या खांद्यावर. तो त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता. लाकडी पुलावर तो दोनदा डावीकडच्या कठड्याला घासला. पाय ओढतोय म्हणून, असं तिने मनाशी धरलं आणि ती त्याच्या मागून, दोन पावलांचं अंतर ठेवून चालत राहिली.

पुलापलीकडे पाखरं बघायला बांधलेली लाकडी खोली होती. समोर लांब आडवी खिडकी, खिडकीबाहेर ओहोटीने उघडा पडलेला चिखल. चिखलावर छोट्या तुतवार पाखरांची धावपळ चालली होती आणि मधोमध एक राखी बगळा निश्चल उभा होता. खोलीत एक चिनी जोडपं दुर्बिणी लावून बसलं होतं. बाकी कोणी नाही.

"तू तिथे बस," निशिकांत म्हणाला. "मध्ये यायचं नाही."

ती बाकावर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

निशिकांतने पाठ भिंतीला टेकवली. ट्रायपॉड डोक्याकडून धरून पुढे ठेवला आणि छातीने तोलला. तळवा उजवीकडच्या पायाच्या खटक्यांवर ठेवला, दाबला. पाय सरसरत खाली आला. बुटाने ढकलला, खटके बंद केले. मग समोरचा पाय. तोही आला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण हात अचूक चालला होता. तीस सेकंद, सुलेखाने मनात मोजले. शाबास. तीस सेकंदांत दोन.

निशिकांतने एकदा ट्रायपॉडकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली, आणि हात काढून घेतला.

ट्रायपॉड डावीकडे आडवा झाला. लाकडावर पडताना त्याचा असा आवाज झाला की चिखलावरचे सगळे तुतवार एकदम उडाले. चिनी जोडप्याने वळून पाहिलं आणि सभ्यपणे पुन्हा दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.

"डाव्या बाजूला फळी खाली गेलेली आहे," निशिकांत म्हणाला.

फळी खाली गेलेली नव्हती. सुलेखा उठली नाही. मध्ये यायचं नाही, असं ठरलं होतं. त्याने भिंतीला धरून गुडघा टेकला, ट्रायपॉड ओढून घेतला, पुन्हा उभा राहिला. उघडलेले दोन पाय हाताने चाचपले. "दोन्ही घट्ट आहेत," तो पुटपुटला. "मग का पडतोय?"

दोन्ही, तो म्हणाला होता.

तिसरा पाय मिटलेलाच होता. तो त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर लोंबत होता, आणि निशिकांतची नजर उजवीकडून येऊन मधल्या पायापर्यंत पोचत होती आणि तिथे थांबत होती. तिथे जग संपल्यासारखी.

सुलेखा उठली. आवाज न करता त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली, त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर हात धरला आणि बोटं हलवली. तो ट्रायपॉडकडे बघत राहिला. तिने हात थोडा पुढे नेला. त्याच्या गालापुढे. डोळ्यापुढे. बोटं नाकाच्या शेंड्यासमोर आली तेव्हा तो दचकला.

"काय करतेस?"

"कधीपासून?"

त्याने पुन्हा खटके चाचपायला घेतले.

"अहो, मी विचारतेय. कधीपासून दिसत नाही?"

"पहिल्यापासून."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलं. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. डोळे चांगले आहेत, म्हणाले. मेंदूत डावी बाजू पोचत नाही. दोन्ही डोळ्यांची. मान वळवायची सवय करा, म्हणाले. मी वळवतो. मग विसरतो. जे नाहीच, तिकडे बघायचं कसं लक्षात राहणार?"

सुलेखाला चार महिन्यांची ताटं दिसायला लागली. पानाच्या डाव्या बाजूला, जिथे ती आयुष्यभर लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढत आली होती, तिथलं सगळं रोज जसंच्या तसं परत यायचं. तोंडाची चव गेली, असं तिने ठरवून टाकलं होतं. चटणी बदलून पाहिली होती. कोशिंबिरीत साखर घालून पाहिली होती. ताट फिरवून पाहिलं नव्हतं. आणि दुकानांतून डावा हात बांधून फिरली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इमानाने पाळून. दोन्ही डोळे तिचे सताड उघडे होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मोजायला लागली असतीस."

ते खरं होतं.

"हात गेला तर गेला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हाताचं मला एवढं नाही. पण कॅमेऱ्यात डोळा घातला की अर्धी चौकट नसते. काळी असती तर चाललं असतं, निदान कळलं तरी असतं. तिथे काहीच नसतं. मी घरी एकदा करून पाहिलं, तुम्ही दोघी बाहेर गेला होतात तेव्हा. खिडकीतून समोरच्या ब्लॉकचा फोटो काढला. मला वाटलं नीट आलाय. तो नीट आलाय की नाही हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं."

"आणि तीन आठवडे मी दुकानं फिरत होते."

"असा ट्रायपॉड मिळणार नाही असं वाटलं होतं. मग तू रोज संध्याकाळी ती वही घेऊन यायला लागलीस. जूननंतर पहिल्यांदा जरा बरी दिसत होतीस. कुठल्या तोंडाने सांगणार?"

बाहेर तुतवार एकेक करून परत उतरत होते. बगळा मात्र हललाच नव्हता.

"चल," निशिकांत म्हणाला. "टॅक्सी बोलाव."

सुलेखाने पर्समधला फोन काढला. हातात धरला. त्याला घरी नेलं की तो खुर्चीत बसेल, आणि मग त्याला तिथून उठवायला तिच्याकडे एकही शब्द उरणार नाही. शब्द तर त्याने पाळला होता. आला होता.

"मी नाही बोलावणार," ती म्हणाली.

"सुलेखा."

"तुम्हाला जायचं असेल तर जा. पूल सरळ आहे. फाटकाशी टॅक्स्या मिळतात."

आपण असं बोललो, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. चोवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. निशिकांतचा चेहरा पांढरा पडला. त्याने ट्रायपॉड भिंतीला टेकवला आणि तो दाराकडे निघाला. दाराच्या चौकटीवर त्याचा डावा खांदा जोरात आपटला. तिने त्याच्याकडे धाव घेतली नाही. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने बाकाची कड धरून ती खाली बसली. पुलावर तो पडला तर? पाण्यात पडला तर?

तो चौकटीतच उभा होता. पाठमोरा. चिनी बाई उठून त्याला हात द्यायला निघाली. सुलेखाने मान हलवून तिला नको म्हटलं. बाई गोंधळून पुन्हा बसली.

बऱ्याच वेळाने तो वळला. "तिसरा पाय कुठे आहे?"

"मी सांगणार नाही."

"मध्ये येऊ नकोस म्हटलं होतं. सांगू नकोस म्हटलं नव्हतं."

"शोधा."

तो भिंतीशी आला. ट्रायपॉड पुढे घेतला, डोक्याला धरला आणि जागच्या जागी हळूहळू फिरवायला लागला. उघडलेला एक पाय डावीकडे गेला आणि त्याच्या लेखी नाहीसा झाला. मिटलेला पाय नाकासमोरून उजवीकडे आला. निशिकांत त्याच्याकडे बघत राहिला. मग तळवा खटक्यांवर ठेवून दाबला.

या वेळी हात काढून घेतल्यावर ट्रायपॉड उभा राहिला. सुलेखाने सेकंद मोजले नव्हते.

"कॅमेरा दे."

तिने दिला. तो बसवताना त्याने दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा बसला. त्याने डोळा लावला. भिंग बगळ्याकडे वळवलं, बराच वेळ काहीतरी जुळवलं, आणि बटण दाबलं.

"बघ," तो म्हणाला आणि बाजूला झाला. "पूर्ण आलाय?"

सुलेखा कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. चिखल सुरेख आला होता, ओला, चकचकीत. बगळ्याची शेपटी आली होती, पाय आले होते, मिटलेल्या पंखांतलं एकेक पीस आलं होतं. तिथून पुढे चौकट संपत होती.

हो म्हणावं, असं तिला वाटलं. आजच्या दिवसापुरतं. घरी जाऊन अनुयाला सांगता येईल, बाबांनी फोटो काढला. त्याला कळणारही नव्हतं. ते कळण्याची जागाच त्याच्या डोक्यात उरली नव्हती. एकोणीस वर्षांत तिने एकाही नमुन्याचा आकडा बदलला नव्हता, आणि इतका मनापासून बदलावासाही कधी वाटला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "डोकं आलेलं नाही. मानही अर्धीच आहे."

त्याने पुन्हा डोळा लावला, कॅमेरा थोडा डावीकडे नेला. बटण.

"आता?"

"मान आली. डोळ्यापाशी कापलंय."

"हं."

त्याने मूठ आवळली आणि सोडली. पुन्हा डोळा लावला. भिंग आणखी डावीकडे सरकलं, जिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं त्या बाजूला, आणि सरकतच राहिलं. चौकटीची डावी कड सापडेपर्यंत तो मान वळवत होता. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली तिला दिसत होती. तेवढ्यात बाहेर बगळ्याने पाय उचलला. एक, दोन, तीन संथ पावलं टाकून तो खारफुटीच्या मुळांमागे निघून गेला. सुलेखाने पाहिलं. निशिकांतला ते दिसलं नाही. त्याने बटण दाबलं.

"आता?"

पडद्यावर नुसता चिखल होता. चिखलात बगळ्याच्या पावलांचे ठसे होते.

"आता बगळाच नाही," ती म्हणाली. "गेला."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

निशिकांतने मान डावीकडे वळवली, पूर्ण वळवली, इतकी की त्याच्या डोळ्यांसमोर खोलीची डावी भिंत आली असेल, आणि मग तिथून सावकाश, इंच इंच परत आणत त्याने सगळी खिडकी पाहिली. खारफुटीची मुळं, पाणी, चिखल. बगळा कुठेच नव्हता.

"ओहोटी कधीपर्यंत आहे?" त्याने विचारलं.

"साडेदहापर्यंत."

तो बाकावर बसला. डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. सुलेखाच्या हातात फोन अजून तसाच होता. त्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"ठेव तो," तो म्हणाला. "थांबू जरा."